सर, सवडीने बघावे

"मॅडम, पीएचडी सोडली तर भरलेली फी परत मिळते का?" खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं. असा प्रश्न आला की समुपदेशक म्हणून मी फीचं उत्तर देत नाही, आधी पाणी देते.

वय एकतीस, इतिहास विभाग, नोंदणीला चार वर्षं होत आलेली. घरी दीड वर्षाचं मूल. प्रबंधाची दोन प्रकरणं गाईडकडे, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांकडे, सात महिने पडून. सहा वर्षांत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, या धास्तीने रात्री दोनला जाग यायची. संशोधक विद्यार्थ्यांकडून मी सर्वात जास्त ऐकते ते हेच: गाईड वाचत नाहीत, वेळ संपत चाललाय, आणि तक्रार करावी तर व्हायव्हाला, शेवटच्या तोंडी परीक्षेला, तेच समोर.

सुरुवातीला मी चुकले. श्वासाचा व्यायाम सांगितला. दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, "श्वास घेऊन झाला मॅडम, चॅप्टर तिथेच आहे."

खरं होतं तिचं. मग आम्ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2022 ची पीएचडी नियमावली उघडून बसलो. सहा वर्षांची मुदत खरी. पण पुनर्नोंदणी करून विद्यापीठ आणखी दोन वर्षं देऊ शकतं, महिलांना त्यावर आणखी दोन. म्हणजे जास्तीत जास्त दहा. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद. ती तिने मागितलीच नव्हती. बाळंतपणातले महिने 'माझीच ढिलाई' म्हणून स्वतःच्या नावावर मांडून मोकळी झाली होती. त्या 240 वर ठेवलेलं बोट तिने बराच वेळ उचललं नाही.

मग तिने फोनवर गाईडना पाठवलेले मेसेज दाखवले. "सर, दोन्ही चॅप्टर मेल केले आहेत. सवडीने बघावे." त्याखाली दिवाळीच्या शुभेच्छा, मग तिळगूळ, मग पाडवा. प्रत्येकाला सरांचे जोडलेले हात. सात महिन्यांत एकही प्रश्न नाही! तिला दोष देत नाही मी. ज्या घरात वडिलांशीसुद्धा आईमार्फत बोलायचं, तिथली मुलगी सरांना 'कधी?' कसं विचारणार? आणि एका प्राध्यापकाकडे आठ-आठ संशोधक असू शकतात हे धरूनही सरांचं गप्प बसणं मला पटत नाही.

नवा मेसेज लिहायला आम्हाला पाऊण तास लागला. "सर, दुसऱ्या प्रकरणातली पान 14 ते 22 एवढीच आधी बघाल का? दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा मी लावलेला अर्थ बरोबर आहे का, तिथे अडलंय. मंगळवारी अकराला विभागात येऊ?" 'येऊ' पुढचं प्रश्नचिन्ह तिने दोनदा खोडलं. उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी संशोधन सल्लागार समितीची होती. दर सत्राला तिथे प्रगती मांडायचीच असते. निमंत्रक गाईडच असले तरी समोर आणखी जाणकार बसलेले असतात, अडलेलं काम तिथे नोंदवता येतं. तिथेही हलेना, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि शेवटी विद्यापीठाचे लोकपाल.

सरांनी मंगळवारी वेळ दिली. नऊ पानांवर पेन्सिलीच्या खुणा आल्या, उरलेल्यांचं अजून नाव नाही.

रजेचं मात्र अडलंय. मागच्या तारखेने देता येते का, यावर विभाग पीएचडी सेक्शनकडे बोट दाखवतो आणि सेक्शन विभागाकडे. बुधवारी ती अर्ज घेऊन जाणार आहे. सोबत येऊ का, म्हटलं, तर म्हणाली, "नको मॅडम, विचारते मी."