उकिरड्यातले घोडे

शेवटचा टांगा कधी पाहिला ते आठवत नाही, पण टांग्याचं लोखंड अजून जमिनीत आहे. पावसाळ्यात जुन्या कचऱ्याच्या जागांची माती वाहून गेली की ते उघडं पडतं, आणि दिवाळीपर्यंत माझ्या फोनमध्ये वाचकांनी पाठवलेल्या फोटोंचा ढीग साचतो. त्यांच्यासोबत आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

बारामतीजवळ आमच्या गावाबाहेर जुन्या उकिरड्याच्या जागी सतरा-अठरा चपटे, अर्धचंद्रासारखे लोखंडी तुकडे मिळाले. कडेला भोकं आहेत. भीमथडी तट्टांचा मुलूख म्हणून विचारतो, हे शिवकालीन नाल असतील का?

घोड्याचे नाहीतच. या बैलाच्या पत्र्या आहेत. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याला एकच वाकवलेला नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. चारही पाय केले तर बैलामागे आठ. तुमच्या फोटोतला तुकडा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, स्वल्पविरामासारखा आहे, आणि भोकं फक्त बाहेरच्या कडेला. ढीग फरशीवर पसरून डाव्या-उजव्या जोड्या लावून पाहा, बऱ्याच लागतील.

आता ‘शिवकालीन’बद्दल. कारखान्यावर ऊस ओढणाऱ्या बैलांना आजही पत्र्या मारतात आणि त्यांचा आकार फारसा बदललेला नाही. नुसत्या आकारावरून शतक सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. काळ सांगते ती सोबतची वस्तू: त्याच थरातलं नाणं, बाटलीचा गळा, डब्याचा पत्रा. त्यांचे फोटो तुम्ही पाठवलेच नाहीत!

खडकीत घराच्या पायासाठी खणताना लगामाचा तुकडा निघाला. दांड्यावर बाणासारखी खूण आणि खाली इंग्रजी ‘आय’ अक्षर आहे. कुणा सरदाराचा असेल का?

सरदाराचा नव्हे, सरकारचा. तो रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण आणि खालचा ‘आय’ म्हणजे इंडिया. खडकी ही लष्कराची छावणी, तोफा ओढायला घोडे लागायचे, त्यामुळे जागाही जुळते.

तोंडात जाणाऱ्या दांडीवरून बोट फिरवा. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत लागली तर तो लष्करी नमुन्याचा उलटसुलट वापरायचा लगाम. मवाळ घोड्याला गुळगुळीत बाजू, आडमुठ्याला खरबरीत. बाजूचे दांडे कोपरासारखे मागे वाकलेले असतील तर तेही मुद्दाम केलेलं. हुशार घोडा सरळ दांडा ओठात धरून ठेवतो आणि मग ओढत बसा. दांडीची लांबीही मोजून कळवा. साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर मोठ्या घोड्याचा, ऑस्ट्रेलियातून जहाजाने आणलेल्या ‘वेलर’ घोड्यालाही बसेल असा. अकराच्या आसपास असेल तर तट्टाचा.

लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक यांत मात्र बुडवू नका. गंजाबरोबर खूणही जाईल. कोरड्या ब्रशने माती झाडा, पूर्ण सुकू द्या, वर मेणाचा पातळ हात द्या.

दातेरी पट्ट्या बसवलेला हा पत्रा जुन्या काळची खिसणी आहे, असं आई म्हणते. खरं का?

आईंना सांगा, यावर खोबरं खिसू नका. हा खरारा आहे. घोड्याच्या अंगावरची वाळलेली माती आणि सुटे केस काढायला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, तो वापरत असे. खिसणीला धार लागते, याचे दात बोथट आहेत. मागे हाताच्या पट्ट्याचे रिव्हेटही दिसतात.

कॅम्पातल्या जुन्या बंगल्यामागे हिरवट काचेची बाटली मिळाली. काचेतच ‘एलिमन्स रॉयल एम्ब्रोकेशन फॉर हॉर्सेस’ असं उठवलेलं आहे. औषध की विष?

चोळायचं औषध. इंग्लंडातल्या स्लाव गावच्या एलिमन कंपनीचा माल. टर्पेंटाइन, व्हिनेगर आणि चक्क अंडी, असा मसाला. ‘रॉयल’ घोड्यांसाठी, ‘युनिव्हर्सल’ माणसांसाठी. घोड्याचा मान वरचा, हे मला फार आवडतं.

साच्याची शिवण बोटाने खालून वर तपासा. ती गळ्यावर विरून ओठापर्यंत पोचत नसेल, तर ओठ हाताने बसवलेला. थेट ओठावरून गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे 1903 नंतरची.

उकिरड्यात सापडलेला नाल काळ्या घोड्याचा आहे हे कसं ओळखावं? दाराला लावायचा आहे.

लोखंडाला घोड्याचा रंग कळत नाही. विकणाऱ्याला कळतो.

नाल पुढच्या पायाचा की मागच्या, एवढं मात्र सांगता येतं: पुढचा गोलसर, मागचा जरा टोकदार. तुमचा दोन्हींपेक्षा अरुंद, इंग्रजी ‘यू’सारखा आहे, त्यामुळे खेचराचा असण्याची शक्यता जास्त. लावायचा की नाही, तुम्ही ठरवा.

देवळालीच्या बाजूला माळावर आम्ही मुलं शोधाशोध करतो. सापडलेलं ठेवून घेतलं तर चालतं का?

आधी जिवाचं बघा. त्या भागात तोफखान्याच्या सरावाची मैदानं आहेत. गोल किंवा नळकांड्यासारखं जड लोखंड दिसलं तर हात लावू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. लष्करी हद्दीत तर पाऊलच नको. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलेलं असू द्या. तो जंतू गंजातून येतो असं आपण समजतो, पण त्याचं घर म्हणजे माती आणि घोड्याची लीद. जिथे पागा होती तिथे गंजका खिळा पायात जाणं सगळ्यात वाईट.

कायद्याचं म्हणाल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रक्कम जुनी आहे, कायदा जिवंत आहे. शंभर वर्षांची वस्तू 1972 च्या कायद्यात पुरावस्तू ठरू शकते. संरक्षित किल्ल्यावर तर खणायचंच नाही, तिथला खिळाही उचलायचा नाही. परवानगीच्या जागी काही सापडलं तर उचलण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि तो पाठवा.