ज्या डोमेनची पडताळणी होत नाही तिथून आलेले मेल सर्व्हरवरच नाकारावेत, की स्पॅममध्ये टाकावेत?

नाकारा. दारातच नाकारा. स्पॅममध्ये टाकून 'बघू नंतर' म्हणणं हा सगळ्यात वाईट पर्याय. यावरून आमच्या खरेदी विभागाच्या साहेबांशी माझं चांगलंच वाजलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याजवळच्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर पोस्टफिक्स हे मेल सॉफ्टवेअर आहे. पाठवणाऱ्याचं डोमेन डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) सापडलं नाही तर मेल आत घ्यायचा नाही, हा नियम पहिल्यापासून लावलेला. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीनं बिलांसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यांची बिलं यायची थांबली. साहेब तडक माझ्या टेबलाशी: "तुझ्या नियमापायी पार्टीचे पैसे अडकलेत. आत्ताच्या आत्ता बंद कर."

लॉग उघडला तर ओळीमागून ओळ तीच: ४५० (म्हणजे 'आत्ता घेत नाही, नंतर पुन्हा पाठवा'), सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड, डोमेन नॉट फाउंड. पत्ता होता 'अकाउंट्स@सर्व्हर.लोकल'. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं ऑफिसातल्या मशीनचं अंतर्गत नावच पाठवणाऱ्याच्या जागी ठेवून दिलेलं. अशा पत्त्यावर आपण उत्तर पाठवू शकत नाही, मेल पोचला नाही हे कळवणारा बाउन्सही नाही. तो मेल घ्यायचा तरी कशाच्या भरवशावर?

नियम मी बंद केला नाही. फाउंड्रीच्या अकाउंटंटना फोन लावला आणि सेटिंगमध्ये त्यांचं खरं डोमेन घालून घेतलं. जुनी बिलं पुन्हा पाठवावी लागली, कारण रांगेतल्या मेलवर जुनाच पत्ता होता. तेव्हा ते म्हणाले, "तरीच! बाकीच्या पार्ट्याही बिल मिळालंच नाही म्हणतायत." त्या पार्ट्यांकडे बिलं स्पॅममध्ये पडून होती आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. साहेबांना मी हेच सांगत होतो.

कोड मात्र ४५० च ठेवा, पोस्टफिक्समध्ये मुळात तोच असतो. ५५०, म्हणजे कायमचा नकार, केलात आणि तुमचाच डीएनएस चुकून 'असं डोमेनच नाही' म्हणाला, तर चांगले मेलही कायमचे परत जातील. ४५० वर समोरचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहतो, बहुतेक ठिकाणी चार-पाच दिवस.

पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीवरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी जुळलाच पाहिजे, हा कडक नियम मी लावत नाही. ब्रॉडबँडवर स्वतःचा सर्व्हर चालवणारे कितीतरी प्रामाणिक लघुउद्योजक त्यात अडकतात. पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद) असावी एवढंच बघा.

डोमेन सापडलं म्हणजे माणूस खरा, असं मात्र नाही. डोमेन कुणीही विकत घेतो. दुसऱ्याच्या नावानं येणाऱ्या मेलसाठी एसपीएफ (त्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून यावा याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम) लागतंच. रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलनं फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही सक्तीचे केलेत. फॉरवर्ड झालेल्या मेलवर एसपीएफ फसतो, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर नाकारू नका.

आणि साहेब 'नियमच काढ' म्हणाले, तर त्या एका पत्त्यापुरता अपवाद करा, तोही त्यांच्याकडून लेखी घेऊन.