जुन्या कब कॅडेटच्या लिफ्टची दांडी कशी ओळखावी?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. घराबरोबर आधीच्या मालकाचा, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या काळातला पिवळा-पांढरा कब कॅडेट ट्रॅक्टर मिळाला. लिफ्टचा लिव्हर ओढला की तो आधी बराच नुसताच सरकतो आणि मग गवत कापण्याचा डेक अर्धवट उचलला जातो. रंगकामात मॉडेलचा क्रमांक झाकला गेला आहे. लिव्हरची ओढ डेकपर्यंत नेणारी लिफ्टची दांडी बदलायची आहे. नेमकी कोणती मागवावी?

उत्तर : दांडी मागवण्याची घाई करू नका. लिव्हर आधी रिकामा सरकतो, यावरून दांडीपेक्षा तिच्या टोकांवरच्या पिना आणि भोके झिजली असण्याचा संभव अधिक दिसतो. डेक एकाच बाजूला लोंबत असता, तर त्या बाजूचा टांगणीचा दुवा आधी पाहावा लागला असता; आणि लिव्हर वर ओढूनही तेथे टिकत नसता, तर खाचांची पट्टी व तिच्यात अडकणारा खटका.

तपासण्यापूर्वी डेक पूर्ण खाली टेकवा, किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला करा. लिव्हरला मदत करणारी स्प्रिंग असल्यास तिचा ताण उतरवल्याशिवाय कोणतीही पिन काढू नये. मग एकाने लिव्हर हळूहळू हलवावा आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. जेथे पिन हलते पण पुढचा भाग हलत नाही, तेथे दोष आहे. काढलेल्या पिनेला मध्यभागी कंबर पडलेली आणि भोक अंडाकृती झालेले बहुधा दिसेल.

आता ओळखीबद्दल. कब कॅडेट १९६१ मध्ये बाजारात आला आणि १९८१ मध्ये हा व्यवसाय एमटीडी या कंपनीकडे गेला. त्या वीस वर्षांत मॉडेले अनेक झाली आणि १९७१ च्या सुमारास चेसिसही रुंद झाली, त्यामुळे दुकानात केवळ ‘कब कॅडेटची दांडी’ म्हणून भागत नाही. अनुक्रमांकाची पाटी शोधून तिच्यावरचा रंग सौम्य हाताने काढा आणि त्या क्रमांकाच्या आधारे सुट्या भागांचे पुस्तक मिळवा. तरीही, पन्नास वर्षांत कोणी दुसऱ्या मॉडेलचा डेक जोडला असेल तर ट्रॅक्टरचा क्रमांक डेककडच्या भागांना लागू पडत नाही, म्हणून मोजमाप टाळता येत नाही. दोन्ही भोकांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत, दांडीची जाडी न झिजलेल्या जागी आणि पिनेचा व्यास तिच्या टोकाशी व्हर्नियरने मोजा. दांडीला मुळातच बाक असेल तर ती पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आकार काढून घ्या. दांडीच्या टोकाचा यू आकाराचा जोड (क्लेव्हिस) आट्यांवर बसवलेला असल्यास, फिरवण्यापूर्वी बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा.

येथे आपल्याकडच्या सवयीचा हात हमखास फसतो. या ट्रॅक्टरवरचे माप इंचातले आहे : ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटरहून किंचित अधिक. दहाचा बोल्ट त्यात जात नाही, आणि तो बसावा म्हणून भोक वाढवले की पुढचा मूळ भाग कायमचा ढिला बसतो. ३/८ इंचालाही इंचाला १६ आणि २४ अशा दोन प्रकारचे आटे असतात, तेव्हा पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजण्याची पट्टी) लावूनच नट घ्यावा.

भोक थोडेच झिजले असेल तर नवी पिन पुरते. अंडाकृती झाले असेल तर ते वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करून घ्या किंवा मोठे करून आत बुश (धातूची छोटी नळी) बसवा. माझ्या मते बुश बरा, कारण पुढच्या खेपेला तेवढाच बदलता येतो. दांडी वाकलेली, चिरलेली किंवा आटे गेलेली असेल तरच नवी घ्यावी. स्प्लिट पिन मात्र जुनी पुन्हा वापरू नये.

जोडणी झाल्यावर चारही टायरांची हवा आधी पाहा, कारण टायर मऊ असेल तर डेक वाकडा भासतो आणि दांडीला नाहक दोष लागतो. मग ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, प्लगची वायर अजून सोडलेलीच ठेवून, पात्याच्या टोकाची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजा. पुढची बाजू साधारण १/८ इंच खाली असावी.