जुनी फायटिंग गेम, नवा डाव

प्रश्न : सेगा या जपानी कंपनीने व्हर्च्युआ फायटर ही फायटिंग गेम ईस्पोर्ट्ससाठी, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांसाठी, परत आणली म्हणतात, मग २०२१ ला एकदम नवीन भागच का नाही काढला?

उत्तर : अहो, नवीन भाग म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, आणि इथे पाचवा भाग २००६ पासून आर्केडमध्ये (नाणी टाकून खेळायच्या मशीनवर) घासूनपुसून बॅलन्स झालेला, म्हणजे सगळे फायटर तुल्यबळ केलेला, तयारच होता, म्हणून त्यालाच नवीन ग्राफिक्स चढवून जून २०२१ मध्ये अल्टिमेट शोडाउन काढली, जपानात तर नावातच ईस्पोर्ट्स घातलं. बघायलाही सोपी, बटणं तीनच, पंच, किक, गार्ड. (खेळायला सोपी नाही हां!)

पण माझ्या मते घोळ झाला तो नेटकोडचा, म्हणजे ऑनलाइन खेळताना दोघांचा खेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कारण घरी खेळायला गेम फक्त पीएसफोरवर (प्लेस्टेशन ४) आणि नेटकोड जुना डिले वाला, म्हणजे समोरचा लांब असला की तुमचा पंचसुद्धा उशिरा निघणार, मग घरबसल्या टुर्नामेंटची प्रॅक्टिस कशी करणार? याला उपाय रोलबॅक नावाचा दुसरा नेटकोड, त्यात गेम समोरच्याच्या बटणाची वाट न बघता अंदाजाने पुढे जाते, चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करते. ते रोलबॅक जानेवारी २०२५ ला रेव्होमध्ये आलं, म्हणजे याच पाचव्या भागाच्या स्टीमवरच्या (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) नव्या आवृत्तीत. नवीन भागाची घोषणा पण डिसेंबर २०२४ ला झालीये, तो येईपर्यंत रेव्होवर हात बसवा.