दोन्ही बदामीच, मग घ्यायची कोणती?

प्रश्न : अमळनेरला आमच्या बारा बाय चौदाच्या हॉलसाठी दोन बदामी शेड काढल्यात. दुकानात दोन्ही सारख्याच वाटल्या, घरी आणल्यावर एक पिवळसर, दुसरी गुलाबीसर दिसतेय. खाली कोटा फरशी, खिडक्या पश्चिमेला. कोणती घ्यावी?

उत्तर : आधी झाक पक्की करा. शेड कार्डाची पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून तिच्यातली सगळ्यात गडद शेड बघा. ती मोहरीकडे झुकली तर फिकी शेड पिवळ्या झाकेची, विटकरीकडे झुकली तर गुलाबी.

कोटा फरशी हिरवट-करडी असते आणि हिरवटाशेजारी गुलाबी जास्तच गुलाबी दिसतो. कार्डावर शांत वाटलेली ती शेड तुमच्याकडे पावडर थापल्यासारखी दिसेल. पिवळसर शेडची अडचण वेगळी : दुपारी चारनंतरच्या तिरप्या उन्हात ती वरणासारखी पिवळी होते. तरी आमचा कल पिवळसरकडेच. ऊन दोन तासांचं, फरशी कायमची. फक्त त्याच पट्टीतली एक घर फिकी घ्या, कारण चारही भिंतींचा रंग एकमेकींवर पडून शेड कार्डापेक्षा गडद वाटते.

तरीही भिंतीला हात लावण्याआधी दोन बाय दोन फुटांचे दोन पुठ्ठे रंगवा. पांढरा प्रायमर, त्यावर इमल्शनचे (भिंतीच्या पाण्यातल्या रंगाचे) दोन हात, मध्ये चार तास. कडेला दोन इंच पांढरं सोडा. भिंतीवर आधीचा पोपटी डिस्टेंपर असेल तर त्यावर थेट ठिगळं मारून घरच्यांची मतं घेऊ नका, शेजारचा पोपटी डोळ्याला फसवतो. पुठ्ठा एक दिवस वाळू द्या. ओलं इमल्शन वाळलं की सहसा जरा गडद होतं. मग तो भिंतीला उभा टेकवून, खालची कड फरशीला लावून, सकाळी, चार वाजता आणि रात्री बघा. रात्रीचा दिवा आधी ठरलेला हवा : 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब पिवळा मारते, 3000 चा बल्ब तोच पिवळा उठवतो.

उंची दहा फूट धरली तर भिंती 520 चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता साधारण 440. गुळगुळीत पुट्टीवर दोन हातांना लिटरमागे 120 ते 140 चौरस फूट निघतात, म्हणजे चार लिटरचा डबा पुरतो. एकेक लिटर करून आणू नका. मशीनवर वेगवेगळ्या वेळी कालवलेल्या डब्यांत किंचित फरक पडू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. झाकणावरचा शेडचा कोड आणि बेस (ज्या मूळ रंगात शेड कालवली तो) लिहून ठेवा, उरलेला रंग टच-अपला.

प्रश्न : मे महिन्यात रंग दिला तर चालेल? (शहादा)

उत्तर : चालेल, पण पश्चिमेची भिंत सकाळीच उरका. तापल्या भिंतीवर पाणी झटकन उडतं, रोलरची ओली कड पुढच्या पट्ट्यात मिसळण्याआधीच वाळते आणि पट्टे उमटतात. त्यावर पेंटर जास्त पाणी घालून रंग पातळ करतो, मग खालची पुट्टी दिसते. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच.