व्हाळ (ओढा) कुणाच्या नावावर ते आधी बघा, मग ग्रँट शोधा

यावेळी पाण्याविषयीची पत्रं जास्त आली, जवळपास सगळी कोकणातलीच, आणि प्रत्येकाचा शेवट एकाच वाक्यावर: पैसे कोण देईल? त्यातली पाच घेतलीयत. पत्रं लांब होती म्हणून थोडी कापलीयत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: आमचं गाव चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या वाडीत घरांत पाणी शिरलं, मळ्यांवर गाळ बसला. गावाने मिळून नदीकाठी झाडं आणि वर डोंगरात बंधारे करायचं ठरवलंय. ग्रामविकास मंडळ रजिस्टर आहे पण आजवर कधी कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत. नेटवर शोधलं की परदेशी ग्रँटचीच नावं येतात. अर्ज नेमका कुठे करायचा?

दादा, ‘पूर कमी करण्यासाठी ग्रँट’ असं खातं तुम्हाला कुठल्याच ऑफिसात सापडायचं नाही, त्यामुळे त्या नावाने शोधत बसलात तर दोन पावसाळे असेच जातील. पैसा मिळतो तो जमिनीच्या तुकड्यावर. म्हणून आधी अर्ज बाजूला ठेवा, तलाठ्याकडून गावनकाशा घ्या आणि दोन-चार जाणती माणसं सोबत घेऊन सड्यापासून (डोंगरावरच्या जांभ्याच्या पठारापासून) नदीपर्यंत चालत या, वाटेत प्रत्येक तुकडा कुणाचा ते लिहीत जा. सडा खाजगी आहे का, उतारावरचं जंगल वन खात्याचं की मालकीचं, पऱ्या (डोंगरातला लहान ओढा) कुणाच्या सातबाऱ्यातून जातो, नदीकाठ सरकारी आहे की कुणी वरकस (हलकी जमीन) म्हणून लावलेला. हा एक कागद तयार झाला की अर्धे अर्ज आपोआप सुटतात.

मालकीच्या उतारावर काम असेल तर पहिला दरवाजा रोजगार हमी योजनेचा (रोहयो). बांधबंदिस्ती, चर, फळझाडं, बांबू हे सगळं त्यात बसत आलंय, आणि फळबाग लागवड रोहयोला जोडली ती १९९० साली, आज कोकणात जेवढा आंबा-काजू उतारावर दिसतो त्यात त्या योजनेचा वाटा मोठा आहे. अडचण मजुरांची. आपल्याकडे बाहेर मजुरी जास्त मिळते त्यामुळे रोहयोवर कुणी येत नाही, हे पंचायत समितीतले लोकही तुम्हाला तोंडावर सांगतील. म्हणून ज्यांची जमीन तेच मजूर अशी वैयक्तिक लाभाची कामं धरा, ती पुढे सरकतात. या योजनेचे नियम आणि नावं बदलत असतात, तेव्हा जुन्या माहितीवर न जाता चालू परिपत्रक मागून बघा. आणि एक, काजूसाठी जेसीबीने उभा उतार खरवडून टप्पे पाडायचे आणि खाली नदीकाठी झाडं लावायची याला काही अर्थ नाही, तो गाळ तुमच्याच मळ्यात येणार.

पऱ्या-व्हाळावरचे बंधारे म्हणजे मृद व जलसंधारण खातं. जलयुक्त शिवार २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं, मध्ये बंद पडलं, २०२३ पासून दुसरा टप्पा, पण त्यात गाव निवडलं जावं लागतं, आपण अर्ज केला आणि मिळालं असं होत नाही. निवडीसाठी ग्रामसभेचा ठराव आणि आराखडा लागतो, तो आधीच तयार ठेवा. नाबार्डचा पाणलोट विकास निधी आहे, तो संस्थेमार्फत येतो, श्रमदानाचा हिस्सा मागतात आणि आधी छोट्या क्षेत्रावर काम करून दाखवायला लावतात. मला ही पद्धत आवडते, कारण गाव खरंच एकत्र आहे की फक्त लेटरहेडवर हे त्यातच कळतं. जिल्ह्याला नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक असतो, त्याला जाऊन भेटा, मेल करून काही होत नाही. अटल भूजल या केंद्राच्या योजनेचं नाव कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका, त्या योजनेत कोकणातला एकही जिल्हा नाही.

तांत्रिक आराखडा कोण करून देणार? दापोलीचं कृषी विद्यापीठ. कोकण विजय बंधारा (कमी खर्चाचा दगडी बंधारा) आणि कोकण जलकुंड (पाणी साठवायचा लहान खड्डा) ही दोन्ही तिथलीच कामं, आपल्या जांभ्यासाठी आणि आपल्या पावसासाठी केलेली. देशावरची डिझाइनं इथे आणून बसवली की पहिल्याच आषाढात वाहून जातात.

नदीकाठी झाडं म्हणाल तर वन खातं किंवा सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका रोपं देते, पण कुठलं झाड ते तुम्ही ठरवा. करंज, जांभूळ, निगडी, पात्राच्या कडेला शेरणी, ढासळत्या काठावर वाळा आणि बांबू. गुलमोहर नको. पाच जूनला फोटो काढून लावलेली रोपं दिवाळीनंतर गुरं सोडली की संपतात, म्हणून कुंपण आणि राखणदार हा खर्च बजेटमध्ये पहिल्या पानावर धरा. हा खर्च शक्यतो कुणी देत नाही, तो तुमच्या वर्गणीतून निघाला पाहिजे.

प्रस्तावात ‘पूर थांबेल’ असं मात्र चुकूनही लिहू नका. २०२१ ला जे झालं त्यात घाटमाथ्यावरचा पाऊस, खाडीची भरती, वर्षानुवर्षं साचलेला गाळ सगळं एकत्र आलं होतं, शिवाय कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणीही शेवटी वाशिष्ठीतच येतं. तुमच्या दहा बंधाऱ्यांनी तसला पूर अडणार नाही आणि पैसे देणाऱ्यालाही ते माहीत असतं. लिहा की गाळ कमी येईल, काठ कमी ढासळेल, मार्चनंतर विहिरीला पाणी जास्त दिवस राहील. आणि ते दाखवता यावं म्हणून याच पावसाळ्यापासून मोजायला लागा: पुलाच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा मारा, चार-पाच विहिरींची पातळी दर पंधरवड्याला वहीत टाका, काठाचा फोटो दरवेळी त्याच जागेवरून काढा. ही वही ज्या गावाकडे आहे त्याचा प्रस्ताव वेगळाच दिसतो, मग तो कितीही मोडक्या इंग्रजीत लिहिलेला असूदे.

गाळ काढायचं विचाराल म्हणून सांगतो. चिपळुणात पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसायला जलसंपदा खात्यासोबत नाम फाउंडेशन उतरली होती, पण ते मोठं आणि सरकारी मशिनरीचं काम. गावाने परस्पर नदीत जेसीबी घातला तर गौण खनिजाची (वाळू-मातीच्या उपशाची) भानगड मागे लागते. महसूलची परवानगी लेखी असल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न: आमचं मुंबईत गावमंडळ आहे, गणपतीत आणि शिमग्यात वर्गणी होते. चार लाख जमलेत, गावच्या व्हाळावर काम करायचंय. एक गृहस्थ म्हणतात की सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकामाच्या पैशातून) पन्नास लाख आणून देतो, आधी दहा टक्के द्या. काय करावं?

देऊ नका. एवढंच लिहून थांबणार होतो पण सीएसआरबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून थोडं सांगतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पर्यावरण, माती-पाण्याची प्रत, आपत्ती व्यवस्थापन हे सगळं त्या यादीत आहे, आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायद्यातच म्हटलंय. म्हणजे लोटे-परशुराम, महाड, रोहा इथल्या एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे तुम्ही हक्काने जाऊ शकता, मध्ये एजंट कशाला. पण पैसे घेणारी संस्था ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन आठ कंपनी हवी, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआरचं काम घ्यायच्या नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. तुमच्या मंडळाकडे हे नसणार, बहुतेक गावमंडळांकडे नसतंच. मग आधीपासून काम करणारी, कागद पूर्ण असलेली संस्था शोधा, तिच्या नावावर पैसा येऊदे आणि गाव-संस्था असा लेखी करार करा ज्यात बँकेच्या व्यवहाराची माहिती दर महिन्याला ग्रामसभेत मिळेल असं लिहिलेलं असेल. हे लिहून घ्यायला लाजू नका. गावातली भांडणं पैसे आल्यावर होतात, पैसे नसताना सगळे एकत्रच असतात.

कधी जायचं, तर दोनदा. एप्रिल-मे मध्ये, वर्षाचं बजेट ठरत असताना, आणि परत डिसेंबर-जानेवारीत, कारण मार्चअखेर जवळ आला की न खर्चलेले पैसे कंपनीला कुठेतरी मार्गी लावायचे असतात आणि आपल्याकडे बंधाऱ्याचं काम करायचे दिवसही तेच. एकाच वर्षात संपणारं काम नसेल तर ‘चालू प्रकल्प’ म्हणून मागा, त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळू शकतात. झाडं जगवायला तेवढी लागतातच.

चार लाखांचं म्हणाल तर ते सिमेंटमध्ये घालू नका. आराखडा, मोजणी, कुंपण, राखणदार यावर ठेवा आणि प्रस्तावात लोकवाटा म्हणून दाखवा. गावाने आधीच स्वतःचे पैसे घातलेत हे बघून देणाऱ्याचा हात सैल होतो.

प्रश्न: आम्ही खाडीकाठच्या बचतगटाच्या बायका. खारबंदिस्तीला (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडून तीन-चार वर्षं झाली, उधाणाचं पाणी शेतात येतं, आता तिवरं (कांदळवनाची झाडं) उगवायला लागलीत. कुणी म्हणतं कांदळवनाचे पैसे मिळतात, कुणी म्हणतं तिवरं वाढली की जमीन गेली. खरं काय?

ताई, दोन्हीत तथ्य आहे आणि म्हणून तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

बांध फुटला, भरतीचं पाणी फिरायला लागलं की तिवर आपोआप येतं, ते कुणी लावावं लागत नाही. आणि एकदा ते दाट झालं की मुंबई हायकोर्टाच्या २०१८ च्या निकालाने ते तोडायला बंदी, जमीन मालकीची असली तरी. जमीन तुमच्या नावावरून जात नाही पण भात परत घ्यायचा रस्ता जवळपास बंद होतो. त्यामुळे जे ठरवायचं ते आत्ता. शेती परत हवी असेल तर सातबारे, जुने पीकपाहणीचे उतारे, बांध फुटल्याचे फोटो तारखेसकट गोळा करा आणि खारभूमी विकास खात्यात विचारा की तुमचा बांध सरकारी खार योजनेत आहे की खाजगी. सरकारी असेल तर दुरुस्ती आणि उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप त्यांच्या अंगावर. खाजगी असेल तर पूरसंरक्षण म्हणून रोहयोत बसवायचा ठराव ग्रामसभेत घ्या. आत उगवलेल्या तिवरांना मात्र परवानगीशिवाय कोयता लावू नका, गुन्हा दाखल होतो.

शेती सोडूनच दिलेली असेल तर कांदळवनाची बाजू बघा. राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ ची आहे, खेकडापालन, कालवं, जिताडा असे धंदे, गटाला ९० टक्के अनुदान, बाकी १० तुमचे. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. कांदळवन प्रतिष्ठान हे बघतं, हरित हवामान निधीचा किनारपट्टीचा प्रकल्पही महाराष्ट्रात त्यांच्याकडेच आहे, तेव्हा परदेशी ग्रँटच्या मागे वेगळं धावायची गरज नाही, तो पैसा त्याच दारातून येतो. केंद्राची मिष्टी नावाची योजना २०२३ ची, ती कांदळवन लागवडीची. लागवडीबद्दल एकच सांगेन, जिथे कधी तिवर नव्हतं त्या चिखलात रोपं खोचून घेऊ नका, कालवं काढायची जागा जाते आणि रोपंही मरतात. पाण्याची वाट मोकळी केली तर तिवर-चिप्पी स्वतः येते.

कार्बन क्रेडिटवाला (झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे देतो म्हणणारा) कुणी आला तर त्याच्या करारावर सही करू नका. तीस-तीस वर्षांची बंधनं असतात त्यात, आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: मी सिंधुदुर्गातल्या एका गावचा सरपंच. आमदार फंडातून व्हाळाला संरक्षक भिंत मिळतेय. घेऊ का?

घर किंवा रस्ता पडायला आला असेल तर तेवढ्याच लांबीची घ्या. अख्ख्या व्हाळाला दोन्ही बाजूंनी भिंत घातलीत तर पाणी जोरात खाली जाईल आणि पुढच्या वाडीत घुसेल, शिवाय बाजूच्या विहिरी उन्हाळ्यात लवकर आटतील. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीत पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं बसतं, ते बघा. आणि वनराई बंधाऱ्याला ग्रँटची वाट कसली बघता सरपंच, रिकाम्या सिमेंटच्या गोण्या आणि एक रविवार, पाऊस गेल्यावर व्हाळाला धार असतानाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ‘माझी वसुंधरा’ या राज्याच्या पर्यावरण अभियानात भाग घेतलात तर या सगळ्याचे मार्कही मिळतात, बक्षिसाची रक्कम ग्रामपंचायतीला येते.

प्रश्न: माझा भाऊ दुबईत आहे, तो गावच्या तळीसाठी ट्रस्टला एक लाख पाठवतो म्हणतो. एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची नोंदणी) लागेल का?

त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे, बँकेतून आलेले असतील तर लागत नाही, ती परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर लागतं. पासपोर्टची झेरॉक्स आणि ‘ही माझी वैयक्तिक देणगी’ असं सहीचं पत्र पावतीसोबत फाइलला लावून ठेवा. मित्रांकडून गोळा करून एकत्र पाठवू नको म्हणावं, त्यातला एखादा जरी दुसऱ्या देशाचा निघाला तर ट्रस्ट अडकेल. ज्याने त्याने आपल्या खात्यातून पाठवायचं.