साध्या डिजिटल रेषांनी ढग आणि मागचा देखावा चांगला कसा काढावा? कोणता ब्रश घ्यावा?

ब्रशचं आधी उरकतो, कारण त्यात फारसा दम नाही. कडक कडेचा साधा गोल ब्रश घ्या. दाबाने जाडी बदलू द्या, पण किमान जाडी ५० ते ६० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. दाबाने अपारदर्शकता बदलण्याची सोय बंद करा, नाहीतर रेषा मध्येच करडी पडते आणि नंतर रंग भरताना कडेला घाण राहते. झालं. ढगांच्या ब्रशचे पॅक विकत घेऊ नका. ते रंगवणाऱ्यांसाठी असतात आणि ठशासारखे उमटतात. रेषेच्या चित्रात तो ठसा दुसऱ्याच चित्रातून कापून आणल्यासारखा दिसतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की माणसं जमतात, पण ढग मेंढीसारखे दिसतात, डोंगर चिकटवल्यासारखे वाटतात, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं की "ढगाला कुठे आकार असतो, कसाही काढला तरी चालतो". या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. (फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसतात म्हणाला असतात तर शाबासकी दिली असती. दुपारी वाढत जाणारा ढग फ्लॉवरसारखाच असतो.)

ढगाला तळ असतो. माथा कसाही असो, तळ सपाट असतो. जमिनीजवळची हवा तापून वर जाते, वर जाताना गार होते आणि एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. त्या दिवशी त्या भागात ही उंची जवळजवळ सगळीकडे सारखीच असते, म्हणून पुंजक्यांच्या ढगांचे सगळे तळ एकाच पातळीवर बसतात. हिशोबही सोपा आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात ते) यांच्यात जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ ने गुणा, की तळाची उंची साधारण मीटरमध्ये मिळते. मे महिन्यातल्या दुपारी ३४ अंश तापमान आणि २४ अंश दवबिंदू असेल तर तळ १२५० मीटरवर. चित्र काढायला हा आकडा लागत नाही. 'सगळ्यांचा तळ एकाच पातळीवर' एवढंच लागतं, आणि मेंढी होण्याचं कारणही तिथेच आहे: मेंढीला खालूनही लोकर असते. ढग काढायला घेतला की बहुतेक जण वरून गोल गोल सुरू करतात आणि तसंच खालून फिरवून आणतात. तळ आधी काढा. फिकट निळ्या लेयरवर, आडवा, सरळ.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. सगळे तळ एकाच पातळीवर, म्हणजे तुमच्या डोक्यावर एक छत आहे. खोलीत उभं राहून छताकडे बघा: लांबच्या भिंतीकडे छत खाली उतरत जातं. ढगांचे तळही क्षितिजाकडे तसेच उतरतात. नियम असा की अंतर दुप्पट झालं की क्षितिजापासून तळाची उंची निम्मी होते, ढगाची रुंदीही निम्मी होते, आणि तळाचं खालून दिसणारं पोट (कागदावरची त्याची उभी जाडी) मात्र चौथा हिस्सा उरतं.

आकड्यांत सांगतो. कॅनव्हास ३००० बाय २००० पिक्सेल, क्षितिज खालून ६०० पिक्सेलवर. जवळच्या ढगाचा तळ क्षितिजाच्या १००० पिक्सेल वर, रुंदी ९००, पोट ३००. त्याच्या दुप्पट अंतरावरच्या ढगाचा तळ ५०० वर, रुंदी ४५०, पोट ७५. मग २५० वर, रुंदी २२५, पोट जेमतेम २०. मग १२५ वर, रुंदी ११०, पोट ५ पिक्सेल, म्हणजे एक रेषाच. वर सांगितलेला १२५० मीटरचा तळ धरला तर हे ढग अंदाजे पावणेचार, साडेसात, पंधरा आणि तीस किलोमीटर लांब आहेत. एवढी खोली चार आडव्या रेषांत मिळते, रंगाचा थेंबही न वापरता. जवळच्या ढगाचा माथा चौकटीबाहेर जाईल. जाऊ द्या. सगळे ढग कागदात मावलेच पाहिजेत हा हट्टही चित्र सपाट करतो.

पोट काढताना हमखास चूक होते. ढग क्षितिजाच्या वर आहे, म्हणून तळाची लांबची कड कागदावर खाली येते आणि जवळची कड वर. म्हणजे ढगाची सगळ्यात खालची बाह्यरेषा ही मागची कड. तिच्या वर, ढगाच्या आत, दुसरी रेषा येते, जिथून समोरचे फुगवटे सुरू होतात. बाहेरची खालची रेषा तुटक ठेवा, आतली थोडी जाड. दोन्हींच्या मध्ये पाचसहा आडव्या रेषा, सारख्या अंतरावर नाही, आणि कडेपर्यंत न पोचणाऱ्या. पोट सावलीत असतं हे एवढ्यानं कळतं. लांबच्या दोन ढगांना यातलं काहीच लागत नाही.

आता माथा. आधी तीन ढिगारे ठरवा, उंची ५:३:२ अशा प्रमाणात, आणि सगळ्यात उंच ढिगारा बरोबर मध्ये ठेवू नका. मग त्यांवर फुगवटे: मोठ्या ढगाला ९ ते १३, लांबच्याला ३ ते ५. आकार तीनच ठेवा, लहान, त्याच्या दुप्पट आणि चौपट, पण एका आकाराचे दोनपेक्षा जास्त शेजारी येऊ देऊ नका. तीन सारखे फुगवटे ओळीत आले की लोकर दिसायला लागते.

प्रत्येक फुगवटा स्वतंत्र फटक्यात काढा आणि खाचेत पेन उचला. हात थरथरतो म्हणून लोक स्टॅबिलायझर, म्हणजे रेषा आपोआप गुळगुळीत करणारी सोय, शेवटपर्यंत चढवून ठेवतात. त्यात रेषा पेनाच्या मागून येते आणि दिशा एकदम बदलली की कोपरा कापून पुढे जाते. माणसाच्या गालाला ते चालतं. ढगाचा सगळा जीव दोन फुगवट्यांमधल्या टोकदार खाचेत असतो, आणि तीच गोल होते. मग ढग मळलेल्या कणकेसारखा दिसतो. क्लिप स्टुडिओ या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये ही सोय शंभरपैकी १० ते २० पुरे. प्रोक्रिएट अ‍ॅपमध्ये याच सोयीला स्ट्रीमलाइन म्हणतात, तेही तेवढंच खाली आणा. क्रिता अ‍ॅपमध्ये बेसिकवर ठेवा. मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवला की निम्मी थरथर तशीही जाते.

दोन फुगवटे भेटतात तिथे दोन्ही रेषा टोकाला टोक लावून थांबवू नका. एक रेषा दुसऱ्याच्या मागे गेली पाहिजे. पुढच्या फुगवट्याची रेषा खाचेतून थोडी आत उतरते, त्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश, आणि विरते. मागच्याची रेषा तिच्यावर येऊन आपटते आणि थांबते. एवढ्या एका गोष्टीनं ढगाला पुढचं-मागचं येतं. सोपा मार्ग: सगळी वर्तुळाकार वळणं एकमेकांत घुसवून काढा, मग नको ते पुसा. क्लिप स्टुडिओत व्हेक्टर लेयरवर काढलंत तर छेदापर्यंत पुसणारा खोडरबर आहे, एका स्पर्शात तुकडा जातो. क्रितात ई दाबून त्याच ब्रशने हातानं पुसावं लागतं. वेळ लागतो, पण शेवट जास्त नैसर्गिक येतो असं माझं मत आहे.

आतल्या रेषा चारपाचच, त्याही सावलीच्या बाजूला. उन्हाच्या बाजूला आत काहीही काढू नका आणि बाह्यरेषाही एकदोन ठिकाणी तोडा. तोडण्यालाही अर्थ असतो: वाढत्या ढगाची कड कडक आणि अखंड असते, विरणाऱ्याची फाटलेली. एका चित्रात दोन्ही प्रकार ठेवलेत तर आभाळ हलतंय असं वाटतं. "कसाही काढा" म्हणणाऱ्यांना इथे विचारावंसं वाटतं, वाढता काढू की विरता?

डोंगर. चिकटवल्यासारखे दिसतात याचं कारण त्रिकोण. शाळेतल्या देखाव्यातले दोन त्रिकोण आणि मध्ये सूर्य हातात इतका मुरलेला असतो की एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊनही सुटत नाही. तुम्ही सह्याद्री काढताय असं धरतो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थराचा उभा कातळकडा होतो, मऊ थराचा गवताळ उतार. म्हणून बाह्यरेषा जिन्यासारखी जाते: माथ्याला सपाट पठार, खाली कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कडे ८० अंशांच्या आसपास, उतार ३० ते ४० अंशांचे, आणि जोड टोकदार. वळणं गुळगुळीत केलीत की कुठल्याही देशातली टेकडी होते.

आणि हे थर डोंगर बदलला तरी जवळपास त्याच पातळीवर राहतात. दरीच्या या बाजूचा कातळाचा पट्टा त्या बाजूलाही साधारण त्याच उंचीवर सापडतो. म्हणजे ढगाच्या तळासारखाच हिशोब. डोळ्याच्या पातळीच्या वरचे पट्टे लांब जाताना क्षितिजाकडे उतरतात, खालचे चढतात. प्रत्येक डोंगराला वाटेल तिथे पट्टे मारले की ते वेगवेगळ्या कागदांवरून कापून आणल्यासारखे दिसतात. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. सुळके आणि उभ्या भिंती अपवाद, तैलबैलासारखी जागा काढत असाल तर तिथे उभी रेषाच राज्य करते.

रेषेची जाडी त्याच ३००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर: पुढचं झाड किंवा दगड १४, मधली रांग ९, लांबची ५, ढग ४. चारच्या खाली जाऊ नका. चित्र फोनवर १०८० पिक्सेल रुंदीत बघितलं जातं, तेव्हा ४ चे जेमतेम दीड उरतात आणि २ पिक्सेलची रेषा गायबच होते. सगळीकडे एकच जाडी ठेवणारी शैलीही आहे. टिनटिनचा चित्रकार एर्जे तसं काढायचा, आणि डच चित्रकार योस्त स्वार्ते यांनी १९७७ साली त्या पद्धतीला 'स्वच्छ रेषा' अशा अर्थाचं नाव दिलं. ते करायचं असेल तर खुशाल करा, पण मग खोली पूर्णपणे आकारमान, एकमेकांमागे लपणं आणि तपशिलाची घनता यांवरच उभी करावी लागते. नवशिक्याला ते जास्त जड जातं.

मागच्या रांगेची रेषा पुढच्या रांगेला टेकवू नका. १५ ते २० पिक्सेल आधीच थांबवा. तो पांढरा पट्टा धुक्याचं काम करतो. ढगाची कड शिखराला नुसती स्पर्शून जात असेल तर तिला हलवा. एकतर ६० पिक्सेल आत घाला किंवा ६० दूर न्या. ढगाची बाह्यरेषा खालच्या डोंगराच्या बाह्यरेषेची नक्कल करत असेल, शिखरावर उंचवटा आणि खिंडीवर खाच, तर ढग सरकवा. हे स्वतःच्या चित्रात दिसत नाही. क्रितात एम दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटं बघितलं की लगेच दिसतं.

लांबची झाडं एकेक काढू नका. उताराच्या कडेवर खडबडीत रेषा ओढा, ती झाडीच वाटते.

सरावाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आठवडाभर रोज दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतून एक ढग, दहा मिनिटं. पहिला मिनिटभर फक्त तळ आणि तीन ढिगारे. ढग दहा मिनिटांत बदलतो, म्हणून सुरुवातीचा आकार पक्का करून पुढे त्यावरच काम करा, ढगाच्या मागे धावू नका. फोटोवरून काढाल तर मोबाइलची वाइड लेन्स टाळा, ती कडेच्या ढगांना ताणते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: वरचं सगळं पुंजक्यांच्या ढगांचं आहे. वळीव चढत असताना माथा वर जाऊन पसरतो आणि ऐरणीसारखा सपाट होतो, तिथे वरची रेषाही आडवीच घ्यायची. तंतूंसारख्या उंच ढगांना फुगवटे नसतात, चारपाच लांब तुटक फटके पुरतात. आणि जुलैतला सह्याद्री काढायचा असेल तर तापमान आणि दवबिंदूतला फरक दोनतीन अंशांवर येतो, म्हणजे तळ २५० ते ३७५ मीटरवर. ढग डोंगराच्या वर नसतात, डोंगरावरच बसलेले असतात. तेव्हा ढग काढूच नका. सगळ्या रांगा एकाच आडव्या पातळीवर कापा, कापलेल्या जागी रेषा विरू द्या, वरचा कागद कोरा सोडा. बोटानं फोनवर काढत असाल तर दाबाचं सगळं विसरा, तीन जाड्यांचे तीन ब्रश वेगळे जतन करून ठेवा.